आधी अर्थिंग, मग टाईल्स



हिंगोली जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्या नावाने घरकुल मंजूर झाले आहे. पहिला हप्ता जमा झाला, जोते बांधून झाले. यजमान सेंट्रिंगच्या कामावर जातात, त्या स्वतः शेतमजुरी करतात, दोन मुली शाळेत शिकतात. अनुदानात घर पुरे होत नाही हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून बचत गटातून कर्ज काढायचे ठरवले आहे. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "टाईल्स कोणत्या घ्याव्यात? टिकाऊ आणि पुसायला सोप्या अशा सांगा."

प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही देणार आहोत. पण त्याआधी आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. या सदरात ती आजवर लिहिली नव्हती.

आमच्या धाकट्या बहिणीने २००७ साली वर्धा जिल्ह्यात घर बांधले. मेहुणे जिनिंगमध्ये कामाला होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे पडवी. टाईल्स निवडायला बहिणीबरोबर आम्हीच गेलो होतो. तीन दुकाने फिरलो. पांढऱ्यावर करड्या रेघांची, आरशासारखी चकाकणारी फरशी पसंत केली. पैसे कमी पडू लागले तेव्हा वायरमन म्हणाला, अर्थिंगचा खड्डा नंतर करू, आता नाही केला तरी दिवे लागतातच. दिवे लागले. नव्या घरात बुद्धवंदना झाली, खीर झाली, पाहुणे फरशीची वाहवा करून गेले. त्या वायरमनला आम्ही एकही प्रश्न विचारला नाही.

२००९ च्या मे महिन्यात मेहुणे कामावरून आले, अंघोळ केली आणि ओल्या अंगानेच कूलरमध्ये पाणी भरायला गेले. कूलर चालू होता. बहिणीने बादली पडल्याचा आवाज ऐकला. शेजाऱ्याने धावत येऊन मेन स्विच खाली पाडला, रिक्षात घालून दवाखान्यात नेले, पण उपयोग झाला नाही. मेहुणे ४१ वर्षांचे होते. मागाहून कूलर उघडून पाहिला. पाण्याच्या पंपाची एक तार सोलवटून पत्र्याला टेकली होती. एवढेच कारण.

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे जातात. दोन ओळींची बातमी येते आणि आपण पान उलटतो. म्हणून हे नेमके कसे घडते, ते एकदा समजून घेऊ या.

कूलर, फ्रीज, मिक्सर, इस्त्री, टिल्लू पंप यांच्या आतली फेजची तार कधी ना कधी सैल होते, उंदीर कुरतडतो किंवा पाण्याने कुजते. ती पत्र्याला लागली की सगळा पत्रा जिवंत तारेसारखा होतो. घराला अर्थिंग असेल तर तो प्रवाह हिरव्या तारेतून थेट जमिनीत जातो, मोठा प्रवाह वाहिल्यामुळे फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते आणि यंत्र बंद होते. अर्थिंग नसेल तर प्रवाह पत्र्यात वाट बघत बसतो. ओल्या हाताने, अनवाणी पायाने पत्र्याला हात लावणारा माणूस हीच मग त्याची जमिनीत जायची वाट.

अनेक जण म्हणतात, आमच्याकडे एमसीबी आहे, आम्हांला भीती नाही. हा मोठा गैरसमज आहे. एमसीबी तारेला जपते, माणसाला नव्हे. घरातली एमसीबी सहा, दहा किंवा सोळा अँपिअरची असते. सहा अँपिअर म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर. माणसाचे हृदय बंद पडायला पन्नास ते शंभर मिलिअँपिअर पुरतात. माणूस मरेल, पण एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही. माणसासाठी वेगळे यंत्र मिळते, त्याचे नाव आरसीसीबी. फेजने जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का, हे ते सतत मोजत असते. ३० मिलिअँपिअरची चोरी झाली की डोळ्यांचे पाते लवायच्या आत सगळ्या घराची वीज तोडते. किंमत साधारण दीड-दोन हजार रुपये. दुकानात "३० मिलिअँपिअरचा, आयएसआय मार्कचा" असे स्पष्ट सांगून मागा. १०० किंवा ३०० चा आकडा असलेला देऊ लागले तर घेऊ नका, तो माणूस वाचवण्यासाठी नसतो.

आरसीसीबी बसवला म्हणून अर्थिंग टाळू नका. नुसता आरसीसीबी असेल तर शॉक लागल्यावर वीज तुटते. अर्थिंगही असेल तर कुणी हात लावण्याआधीच तुटते. घराला दोन्ही हवे.

अर्थिंगचा खड्डा म्हणजे फार मोठे काम नाही. ओल टिकेल अशा जागी, मोरीच्या किंवा नळाच्या बाजूला, साधारण आठ फूट लांबीचा जीआय पाईप जमिनीत उभा गाडतात. भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देतात. वर झाकण ठेवतात, म्हणजे उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतता येते. हे पाणी ओतायला विसरू नका, कोरड्या ठणठणीत मातीत अर्थिंग नावापुरते उरते. तेथून हिरवी तार प्रत्येक तीन पिनांच्या बोर्डापर्यंत यायला हवी. प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते, ती याच तारेची. लांब का, तर प्लग घालताना ती आधी टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. कूलरला दोन पिनांचा प्लग लावणे किंवा तारांची नुसती टोके सॉकेटमध्ये खुपसून काडी मारणे म्हणजे ही सगळी व्यवस्था आपल्या हाताने मोडणे.

काही वायरमन हिरवी तार ओढायचा कंटाळा करतात आणि बोर्डातच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. टेस्टरला काही कळत नाही, गिऱ्हाईकही खूश. पण उद्या न्यूट्रल तुटला तर अशा घरातला प्रत्येक पत्रा जिवंत होतो. म्हणून पैसे चुकते करण्यापूर्वी एक बोर्ड उघडून हिरवी तार डोळ्यांनी बघा. मग त्याला म्हणा, तपासणीचा दिवा फेज आणि अर्थमध्ये लावून दाखव. दिवा न्यूट्रलवर पेटतो तितकाच लख्ख अर्थवर पेटायला हवा. आरसीसीबी बसवलेला असेल तर दिवा पेटण्याऐवजी तो लगेच पडेल, आणि तीही खूणच आहे. ही तपासणी वायरमननेच करायची, आपण फक्त शेजारी उभे राहायचे. आपण विचारतो आहोत हे दिसले की कामही नीट होते, असा आमचा अनुभव.

बहिणीच्या घरी २००९ च्या जूनमध्ये खड्डा झाला, आरसीसीबी बसला. त्यावर एक लहान बटण असते. ते दाबले की वीज गेली पाहिजे. नाही गेली तर यंत्र बदलायचे. आमची भाची तेव्हा सातवीत होती. दर महिन्याच्या एक तारखेला स्टूलवर चढून ते बटण ती दाबायची. आता ती नर्स आहे, सुट्टीवर घरी आली की अजूनही आधी बोर्डाकडे जाते.

आणि कूलरचा नियम कोणत्याही घरी एकच : पाणी भरायच्या आधी बटण बंद आणि प्लग बाहेर. पायांत रबरी चप्पल. मुलांना हे काम सांगू नये. कुणाला शॉक लागून तो चिकटला असेल तर त्याला हाताने ओढू नका, आधी मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने दूर सारा. श्वास थांबला असेल तर छाती दाबणे सुरू करा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

आता घराच्या बांधकामाकडे येऊ. जोते झाले असे पत्रात लिहिले आहे, त्यामुळे पायाबद्दल ताईंना सांगून उपयोग नाही. पण इतर वाचकांसाठी सांगतो, काळ्या मातीत पाया थांबवू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीलाही आपल्याबरोबर फाडते. मुरूम लागेपर्यंत खणा आणि बाजूने मुरूमच भरा. मुरूम फार खोल असेल तर पंचायत समितीच्या इंजिनिअरला गाठा. तो सल्ला द्यायला बांधील आहे.

मराठवाड्यातल्या वाचकांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगायला नको. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे झोपेतच गेली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. भिंतीचे बाहेरचे दगड आणि आतले दगड एकमेकांना बांधलेले नव्हते, हादरा बसताच दोन्ही बाजू फाकल्या आणि माळवद खाली आले. भिंत जाड असली म्हणजे मजबूत असते असे नव्हे, ती बांधलेली असावी लागते. विटांचे घर असो की दगडाचे, जोत्याच्या पातळीवर आणि दार-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा सिमेंट-काँक्रीटचा पट्टा घ्या. निदान तीन इंच जाडीचा, आत दोन सळया, कोपऱ्यात सळई तोडायची नाही, वळवून घ्यायची. कमरेला करदोटा असतो तसा हा घराचा करदोटा. दारावर सुटे लिंटेल टाकून मोकळे होणारे मिस्त्री खूप आहेत. ताई, तुमचे काम नेमके या टप्प्यावर आहे, म्हणून हे ठळक लिहितो आहोत.

मग येतो स्लॅब. येथे आम्ही स्वतः मार खाल्ला आहे. आमच्या नागपूरच्या घराचा स्लॅब ऐन मे महिन्यात पडला. तीन दिवस पाणी मारले आणि चौथ्या दिवशी आम्ही मावसभावाच्या लग्नाला निघून गेलो. परत आलो तर स्लॅब पांढरा फटक कोरडा आणि वर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. त्या भेगा आजतागायत आमच्याकडून डांबर, केमिकल, प्लास्टर यांचे पैसे वसूल करत आहेत. पहिल्याच पावसाळ्यात पुस्तकांच्या कपाटामागे ओल उतरली. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी, आणि आमच्या घरात त्यांचेच खंड भिजले. त्या दिवशी फार ओशाळलो.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होते. हे एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. आज बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट राखमिश्रित असते, त्याला निदान दहा दिवस ओल लागते आणि आपल्याकडच्या उन्हात चौदा दिवस धरा. स्लॅबवर मातीचे बांध घालून वाफे करा आणि त्यांत पाणी साठवा. कॉलमना ओली पोती गुंडाळा. पाण्याची टंचाई असेल तर तणस पसरून भिजवा, बाष्पीभवन कमी होते. हप्ता मार्चअखेर येतो आणि म्हणून गावोगावची घरकुले भर उन्हाळ्यात उभी राहतात, हे आम्हांला ठाऊक आहे. तरीही टँकरचे पाणी विकत घ्यावे लागले तर घ्या. चौदा दिवसांचे पाणी हे पुढच्या तीस वर्षांच्या गळतीपेक्षा स्वस्त.

दुसरी गोष्ट पातळ मालाची. माल ओढायला सोपा जावा म्हणून मिस्त्री पाणी ओतत राहतो. एका पोत्याला तीस लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या, हे जास्तीत जास्त. रेती ओली असेल तर त्याहून कमी. आणि सळई फळीला टेकलेली ठेवू देऊ नका. खाली पाऊण इंचाचे सिमेंटचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, आधीच घरी करून ठेवा. गिट्टीचा खडा सरकवून भागवतात, तो ओतताना निसटतो. मग दहा वर्षांत सळई गंजते, फुगते आणि छताचे पापुद्रे ताटात पडतात. जुन्या बैठ्या चाळींत हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. यजमान स्वतः सेंट्रिंगचे काम करतात, तेव्हा फळ्या लवकर काढण्याचा मोह मालकांना कसा होतो, हे आम्ही त्यांना काय सांगणार! दुसऱ्यांच्या घरी त्यांनी जे पाहिले ते आपल्या घरी होऊ देऊ नये, एवढेच.

आता उष्णतेचे पाहू. घरकुलाचे क्षेत्र २६९ चौरस फूट. एवढ्या घरावर दुपारभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत आत आग ओकतो. वास्तुशास्त्रवाल्याला पैसे देऊन संडास कोणत्या कोपऱ्यात घ्यावा हे विचारणारे आपल्यातही निघू लागले आहेत. आम्ही म्हणतो, दिशा जरूर बघा, पण सूर्याची. पश्चिमेची भिंत सर्वांत जास्त तापते, म्हणून न्हाणी, संडास, सामानाची जागा त्या बाजूला घ्या आणि झोपायची खोली पूर्वेकडे ठेवा. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा सज्जा पुरतो, कारण उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून जातो. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे आत घुसते, त्याला सज्जा अडवू शकत नाही. तेथे कडुनिंब किंवा शेवगा लावा, तोवर बांबूची चटई सोडा. खिडक्या समोरासमोर हव्यात. एकाच भिंतीला दोन खिडक्या असतील तर वारा आत येऊन जाणार कुठे?

स्लॅबवर किंवा टिनावर उन्हाळ्याच्या तोंडाशी पांढरा चुना मारा. चुनकळी रात्रभर भिजवायची, गाळायची, थोडा डिंक घालायचा आणि दोन हात द्यायचे. भिजवताना चुना उकळतो, तेव्हा मुलांना लांब ठेवा आणि डोळे सांभाळा. खर्च काही शे रुपयांचा. आत दोन-तीन अंशांचा फरक पडतो आणि तो रात्री झोपताना कळतो. तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले, ते याच तत्त्वावर. टिनाच्या घरात भिंत आणि टिन यांच्यामध्ये जाळी लावून फट ठेवा, गरम हवा वरून निघून जाते. दोडक्याचा किंवा भोपळ्याचा वेल चढवलात तर सावलीही आणि भाजीही. थर्माकोल मात्र लावू नका, ते भडाभडा पेटते.

घर थंड झाले की विजेचे बिल आपोआप उतरते. उरलेले पंख्यात वाचते. जुना पंखा ७५ वॉट खातो, नवीन बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला सोळा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला एकवीस-बावीस युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांपर्यंतचा दर कमी आणि त्यापुढचा बराच जास्त आहे, म्हणून दोन पंखे बदलून शंभराच्या आत राहणाऱ्या घराला दुहेरी फायदा. छपरावरच्या सौर विजेसाठी २०२४ पासून केंद्राची योजना आहे, दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३० हजार अनुदान. एक किलोवॉट महिन्याला साधारण १२० युनिट देते. पण हे पुढचे पाऊल. आधी पंखे आणि चुना.

संडासाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. गावोगाव सेप्टिक टाकी बांधण्याकडे कल आहे. टाकी भरली की कुणाला तरी बोलवावे लागते. कुणाला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. टाकीत साठलेल्या वायूने आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही राहतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी बातम्या थांबलेल्या नाहीत. बौद्ध कुटुंबाच्या घरात अशी टाकी असावीच का? दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधा. दोन्ही खड्डे तीन-साडेतीन फूट व्यासाचे, भिंतीला जाळीसारखी भोके, तळ कच्चा मातीचा. दोन खड्ड्यांत तीन फुटांचे अंतर. काळ्या मातीत खड्ड्याभोवती फूटभर रेतीचा थर द्या, नाहीतर पाणी मुरत नाही. विहीर किंवा हातपंप निदान ३५ फूट लांब असावा. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. पाच-सहा माणसांच्या घरात तो भरायला साधारण पाच वर्षे लागतात. मग चेंबरमध्ये विटेने वाट बदलून दुसरा सुरू करायचा. पहिला निदान दोन वर्षे बंद ठेवला की आत कोरडे, बिनवासाचे खत तयार होते. ते घरचा माणूस फावड्याने काढून शेतात टाकू शकतो. कुणाला हाक मारायची गरज नाही, कुणी आत गुदमरायचे नाही. न्हाणीचे पाणी तेवढे या खड्ड्यात सोडू नका, ते वेगळे परसबागेला द्या.

गॅसबद्दल दोनच गोष्टी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून स्वयंपाकघरात वरच्या खिडकीबरोबर खाली जमिनीजवळही झरोका ठेवा. आणि नळी पाच वर्षांनी बदला, बाहेरून चांगली दिसली तरी. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारे उघडा, बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

घर बांधून झाले की दरवर्षी मे महिन्यातला एक रविवार त्याला द्या. गच्ची झाडा, पन्हाळीतला पाला काढा, बारीक भेगा सिमेंटच्या घोळाने भरा. सगळ्या घराने मिळून केले तर दुपारपर्यंत उरकते. भिंतीच्या फटीत पिंपळाचे रोप दिसले तर लहान असतानाच मुळासकट काढा. आमच्या शेजारच्या आजी काढू देत नव्हत्या, बोधिवृक्ष आहे म्हणायच्या. मग आम्ही ते रोप अलगद काढून त्यांच्याच हाताने विहाराच्या आवारात लावले. आज त्याखाली सभा भरते. भिंतीत राहिले असते तर आजींची खोली राहिली नसती. नळाचे पाईप भिंतीत गाडू नका, बाहेरून घ्या. दिसायला थोडे बरे नाही, पण गळती त्याच दिवशी दिसते आणि फरशी न फोडता दुरुस्त होते. दाराच्या चौकटी लोखंडी किंवा सिमेंटच्या घेतल्या तर वाळवीची चिंता नाही.

ताई, आता टाईल्सचे. न्हाणीत, संडासात आणि पडवीत खरखरीत टाईल्स घ्या, चकचकीत अजिबात नको. खोल्यांत सध्या सिमेंटचा घोटीव कोबा करा किंवा शहाबादी फरशी घाला, पुसायला दोन्ही सोपी. हात मोकळा झाला की दोन-चार वर्षांनी वरून टाईल्स बसवता येतात. तोवर बचत गटाच्या कर्जातून आरसीसीबी, आठ फुटांचा पाईप आणि चौदा दिवसांचे पाणी, एवढे बाजूला काढून ठेवा. वायरमन येईल त्या दिवशी मजुरीवर जाऊ नका, घरीच थांबा. काम कसे झाले ते आम्हांला जरूर कळवा.

बहिणीच्या घरातली करड्या रेघांची फरशी अजून आहे. न्हाणीतली तेवढी आम्ही गेल्या वर्षी उखडून खरखरीत बसवली.